डॉलर हलला की अफिलिएट आणि स्पॉन्सर यांच्यात वरचढ कोण? (कमिशन, चलन आणि तारखा)

विनिमयवाचक (धागाकर्ता)

अफिलिएट म्हणजे आपल्या साइटवरच्या लिंकने ग्राहक पाठवून कमिशन घेणारा, आणि स्पॉन्सर म्हणजे ते कमिशन देणारी कंपनी. अफिलिएट करार वाचताना बहुतेकांची नजर पेआउटच्या (प्रत्येक विक्रीमागे मिळणाऱ्या रकमेच्या) आकड्यावर आणि कुकीच्या दिवसांवर (क्लिकनंतर किती दिवसांतली विक्री आपल्या नावावर धरतात) जाते. दोन ओळी तशाच सुटतात: कमिशन कुठल्या चलनात मोजणार, आणि रूपांतर कुठल्या तारखेच्या दराने होणार. माझ्या मते स्पॉन्सरची खरी पकड या दोन ओळींतच असते. दर स्थिर असेपर्यंत ती जाणवत नाही, चलन हललं की दिसते.

सर्वांत स्वच्छ उदाहरण २००२ ते २००८ या काळातलं. २००२ च्या सुरुवातीला एक युरो साधारण ०.८७ डॉलरला मिळायचा, जुलै २००८ मध्ये तोच १.५९ वर होता. समजा अमेरिकी स्पॉन्सर एका साइन-अपला ३५ डॉलर देतो. जर्मनीतल्या अफिलिएटच्या हातात २००२ मध्ये ४० युरो पडले असते, २००८ मध्ये २२. पेआउट एका सेंटनेही कमी केलेला नाही, तरी उत्पन्न जवळपास निम्मं.

आता त्याच व्यवहाराची दुसरी बाजू बघा. ग्राहकही युरोपातला आहे आणि तो ३० युरो भरतो. स्पॉन्सरला त्याचे २००२ मध्ये २६ डॉलर मिळाले असते, २००८ मध्ये जवळपास ४८. विक्री वाढली नाही, किंमत वाढली नाही, पण सगळा फायदा स्पॉन्सरच्या खिशात. करार ५० टक्के रेव्हेन्यू शेअरचा, म्हणजे ग्राहकाने भरलेल्या रकमेत वाटा देणारा, असता तर अफिलिएटला दोन्ही वेळा १५ युरोच मिळाले असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: ग्राहक कोणत्या चलनात पैसे भरतो, आणि माझं कमिशन त्याला बांधलेलं आहे की वेगळ्याच चलनात गोठवलेलं आहे?

रुपयाच्या बाजूने अनुभव असलेल्यांनी भर घालावी.

शुभदा_नाशिक

चांगला विषय. पण आपल्याकडे गाडी उलटी चालते ना? २००७ च्या अखेरीस डॉलर ३९ च्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या वर गेला. ५० डॉलरचं कमिशन १,९५० वरून ४,५०० झालं. मग रुपया पडला तर भारतीय अफिलिएटचं भलंच की.

कृष्णाकाठ

शुभदाताई, अर्धं बरोबर. ट्रॅफिक कुठल्या देशातलं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

तुमचे वाचक अमेरिकेत, ग्राहक डॉलरमध्ये भरतो, कमिशन डॉलरमध्ये आणि तुमचा घरखर्च रुपयात: इथे रुपया पडला की तुमचा फायदा आणि स्पॉन्सरला तोशीस नाही. तो शांत राहतो.

तुमचे वाचक महाराष्ट्रातले आणि स्पॉन्सर भारतीय ग्राहकाला रुपयात बिल देतो, हे प्रकरण वेगळं. २०१३ घ्या. मेच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. होस्टिंगचं २,९९९ रुपयांचं पॅकेज मेमध्ये स्पॉन्सरला ५५ डॉलर देत होतं, ऑगस्टअखेर ४४. त्याने प्रत्येक विक्रीला ५० डॉलर कमिशन कबूल केलं असेल तर चार महिन्यांत ५ डॉलरचा नफा जाऊन ६ डॉलरचा तोटा आला. नूतनीकरणातून वसूल होईल म्हणून काही जण कळ काढतात, पण बहुतेक ठिकाणी भारतीय ट्रॅफिकच्या कमिशनला कात्री लागते. म्हणजे रुपया पडल्यावर एकाच गावातल्या दोन अफिलिएटांपैकी एकाची बाजू भक्कम होते आणि दुसऱ्याची लंगडी पडते.

अजून एक. डॉलरमधला पेआउट वर्षानुवर्षं तोच राहतो आणि रुपयात रक्कम वाढत असल्यामुळे आपण वाढ मागत नाही. डॉलरची क्रयशक्तीसुद्धा घटत असते, आणि आपली होस्टिंग, ईमेल सेवा, कीवर्ड टूल यांची बिलं डॉलरमध्येच असतात. स्पॉन्सरच्या दृष्टीने तुमच्यावरचा खर्च दर वर्षी थोडा थोडा स्वस्त होतोय. रुपया ही पगारवाढ देतोय, स्पॉन्सर नव्हे. बोलणी करताना हा मुद्दा मांडायला संकोच करू नका.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. धागाकर्त्यांच्या युरोच्या उदाहरणाला पुरवणी.

त्या काळात युरोपीय अफिलिएट पूर्ण हतबल नव्हते, कारण दुसरा दरवाजा उघडा होता. स्टॉकहोममध्ये १९९९ ला ट्रेडडबलर, २००० मध्ये बर्लिनला झानॉक्स आणि लंडनला अफिलिएट विंडो अशी अफिलिएट आणि व्यापारी यांना जोडणारी नेटवर्क उभी राहिली होती. कमिशन युरोत किंवा पाउंडात. डॉलर घसरू लागल्यावर त्याच पानावर अमेरिकी बॅनरऐवजी युरोपीय व्यापाऱ्याचा बॅनर लावणं शक्य होतं. स्पॉन्सर पेआउट वाढवतो ते असा पर्याय समोर दिसला की. नुसती तक्रार केल्याने काही हलत नाही.

२०२२ मध्ये काटा उलटा फिरला. जुलैत युरो डॉलरच्या बरोबरीला आला, सप्टेंबरअखेर ०.९६ च्या आसपास गेला. तेव्हा डॉलरमध्ये देणारे कार्यक्रम युरोपीय अफिलिएटला आपोआप गोड झाले आणि युरोपीय व्यापाऱ्यांना चांगली पानं टिकवायला हात सैल करावा लागला. ब्रिटनमध्ये २०१६ ला हेच: २३ जूनच्या ब्रेक्झिट मतदानाच्या रात्री पाउंड १.५० डॉलरला होता, ऑक्टोबरात १.२२ च्या आसपास. रुपयात बघितलं तर १०० चा ८२ च्या घरात. पाउंडात कमिशन घेणाऱ्या भारतीय साइटला कुणी एक ओळ न कळवता जवळपास अठरा टक्के कपात झाली.

यावरून काढलेला व्यवहारी नियम: एकाच विषयावर किमान दोन चलनांतले कार्यक्रम मंजूर करून ठेवा, लिंक तयार ठेवा, थोडं ट्रॅफिक दोन्हीकडे जाऊ द्या. मंजुरीला आठवडे लागतात, आणि गरज पडल्यावर अर्ज केला तर तोवर हंगाम निघून जातो.

अनिकेत_म

स्पॉन्सर पेआउटचा आकडा उघडपणे क्वचित कमी करतो, कारण त्याची बोंब होते. आतल्या चाव्या फिरवतो. लक्ष ठेवायच्या जागा सांगतो.

सर्वांत आधी मंजुरीचं प्रमाण बदलतं. शंभर नोंदलेल्या विक्रींपैकी ८५ लॉक (कमिशनसाठी पक्क्या) होत होत्या आणि अचानक ७० होऊ लागल्या तर कारण विचारा. रिव्हर्स, म्हणजे रद्द, झालेल्या प्रत्येक व्यवहाराला कारणाचा कोड असतो, तो महिन्यागणिक उतरवून ठेवा. 'ग्राहकाने रद्द केलं' वाढलं असेल तर गोष्ट वेगळी; 'अपात्र व्यवहार' वाढलं तर आतला निकष बदललाय. मग कुकीचे दिवस कमी होतात, देशानुसार दोन-तीन श्रेण्या पडतात, मासिक कमाल मर्यादा येते, ३० दिवसांनी येणारं पेमेंट ६० वर जातं.

हे पकडायचं तर ईपीसी, म्हणजे शंभर क्लिकमागची कमाई, ग्राहकाच्या चलनात काढा. रुपयात काढलीत तर विनिमय दराच्या चढउतारात खरी घट लपून जाते. तक्ता साधा ठेवा: महिना, देश, क्लिक, नोंदलेली विक्री, लॉक झालेली विक्री, कमिशन मूळ चलनात, बँकेत पडलेले रुपये. शेवटचे दोन स्तंभ भागले की प्रत्यक्ष मिळालेला दर कळतो. तो त्या दिवसाच्या एफबीआयएल संदर्भ दराशेजारी (रोज जाहीर होणारा रुपया-डॉलरचा अधिकृत दर) लिहा. फरक ३ टक्क्यांच्या वर जात असेल तर गळती तुमच्याच पैसे आणण्याच्या मार्गात आहे, स्पॉन्सरला दोष देऊ नका.

टक्केवारीचा करार म्हणजे कवच असंही मानू नये. ॲमेझॉनने २१ एप्रिल २०२० पासून अमेरिकेतला फर्निचर आणि घरदुरुस्तीचा दर ८ वरून ३ टक्क्यांवर आणला, किराण्याचा ५ वरून १ वर. आठवडाभराची सूचना. चलनाचा संबंध नव्हता, पण करार एकतर्फी बदलता येतो हे तिथे उघड दिसतं.

मांडवी

तारखेच्या मुद्द्यावर कुणी सविस्तर लिहील का? विक्री झाली मार्चमध्ये, लॉक झाली एप्रिलअखेर, पैसे आले जूनमध्ये. दर कोणता?

विनिमयवाचक

मांडवी, याचं उत्तर कार्यक्रमागणिक बदलतं, म्हणून करारात शोधायचं. चार शक्यता असतात: विक्रीच्या क्षणाचा दर, लॉक होण्याच्या दिवसाचा, महिनाअखेरचा, किंवा पेमेंट सुटण्याच्या दिवसाचा. विक्री आणि कमिशन एकाच चलनात असेल तर प्रश्न फक्त तुमच्या बँकेपाशी येतो. वेगवेगळ्या चलनांत असेल तर मधल्या साठ-नव्वद दिवसांचा धोका कोणीतरी उचलतोय, आणि करार गप्प असेल तर तो तुम्ही उचलताय.

परताव्याचं गणित तपासाच. ग्राहकाने ४,००० रुपयांचा माल दर ८६ असताना घेतला, कमिशन १० टक्के, म्हणजे ४.६५ डॉलर तुमच्या खात्यात. दर ९० असताना माल परत गेला. तेव्हा तुमच्याकडून ४.६५ वळते व्हायला हवेत की ४.४४? मूळ व्यवहाराचाच दर लागायला हवा. काही नेटवर्क त्या दिवसाचा दर लावतात आणि फरक कुठेही दाखवत नाहीत. दहा-पंधरा परतावे हाताने तपासले की पद्धत कळते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लॉक न झालेलं किंवा लॉक होऊन न मिळालेलं कमिशन म्हणजे तुम्ही स्पॉन्सरला दिलेलं बिनतारणी, बिनव्याजी कर्ज. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार अचानक काढून घेतला. काही मिनिटांत फ्रँक उसळला, फॉरेक्स ब्रोकरांच्या (चलनांचे सौदे करवून देणाऱ्या कंपन्यांच्या) ग्राहकांची खाती उणे झाली. अल्पारी यूके १९ जानेवारीला दिवाळखोरीत गेली, एफएक्ससीएम या ब्रोकरला ल्यूकेडिया या गुंतवणूक कंपनीकडून ३० कोटी डॉलर घेऊन तगावं लागलं. ब्रोकर हे अफिलिएटांना सर्वांत जाड पेआउट देणाऱ्यांपैकी. अशी कंपनी बुडते तेव्हा थकीत कमिशन घेऊन तुम्ही बिनतारणी धनकोंच्या रांगेत शेवटाकडे उभे असता. म्हणून एका स्पॉन्सरकडे किती रक्कम अडकू द्यायची याची मर्यादा आधी ठरवा. माझ्या मते एका महिन्याच्या एकूण उत्पन्नाहून जास्त नको. ज्या स्पॉन्सरचा धंदाच चलनावर चालतो त्याच्याबाबतीत निम्मी.

अवांतर पण महत्त्वाचं: परदेशी फॉरेक्स प्लॅटफॉर्मची जाहिरात भारतातून करू नका. रिझर्व्ह बँकेची इशारा यादी सप्टेंबर २०२२ पासून आहे, आणि अशा प्लॅटफॉर्मचा प्रचार करताना दिसलेल्या साइटही पुढे त्यात आल्या आहेत. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ होत नाही.

कृष्णाकाठ

पैसे आणण्याच्या मार्गाचं गणित मांडतो, कारण इथली गळती दर महिन्याची आहे.

बाजारदर ९० धरू. एक पेमेंट प्लॅटफॉर्म २ टक्के कापून ८८.२० देतो, बाकी खर्च शून्य. दुसरा मार्ग थेट बँक वायर: मधली बँक २० डॉलर कापते, आपली बँक ८९.३० दर देते, आणि चलन रूपांतराच्या करपात्र मूल्यावर १८ टक्के जीएसटी. हे मूल्य एक लाखापर्यंत १ टक्का (किमान २५० रुपये), त्यापुढे दहा लाखांपर्यंत १,००० अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का.

१,००० डॉलरला प्लॅटफॉर्म ८८,२०० देतो, वायर ८७,३५६. प्लॅटफॉर्म ८४४ रुपयांनी बरा. ५,००० डॉलरला प्लॅटफॉर्म ४,४१,००० आणि वायर ४,४४,२२४. वायर ३,२२४ रुपयांनी बरी. दोन्ही समान पडतात ते साधारण १,८४० डॉलरला. तुमच्या बँकेचे आकडे घालून हा बिंदू काढा आणि स्पॉन्सरच्या डॅशबोर्डमधली किमान पेमेंट मर्यादा त्याच्या वर ठेवा. पण वर अडकलेल्या रकमेबद्दल लिहिलंय तेही ध्यानात असू द्या. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढतात. लहान आणि नव्या स्पॉन्सरकडून थोडं जास्त कापलं गेलं तरी लवकर पैसे काढलेले बरे.

बँकेच्या दराबद्दल: शाखेत फोन करून त्या दिवसाचा टीटी बायिंग रेट (बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या दराने घेते तो) विचारा आणि रक्कम मोठी असेल तर ट्रेझरी विभागाकडून दर मागा. न विचारल्यास छापील कार्डरेट लागतो. ६,००० डॉलरवर ४० पैशांचा फरक म्हणजे २,४०० रुपये, एका फोनचे.

शुभदा_नाशिक

मग डॉलर भारतात डॉलरच ठेवता येतात का? दर चढेपर्यंत.

हिशेबनीस

ईईएफसी खातं, म्हणजे परकीय चलनात कमावणाऱ्यांचं परकीय चलनातलं बँक खातं, उघडता येतं, परकीय कमाई शंभर टक्के त्यात जमा करता येते. पण ते चालू खातं आहे, व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयात बदलावी लागते. मंजूर खर्च किंवा फॉरवर्डची (पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर देण्याच्या कराराची) बांधिलकी वजा करून. दर चढेपर्यंत बसून राहायला ते उपयोगी नाही. डॉलरमधली टूलची बिलं त्यातून भरली की दोन वेळचं रूपांतर वाचतं, हा खरा उपयोग.

करार बोलताना कराचा एक सापळा आहे तो सांगतो. स्पॉन्सर म्हणतो, 'चलनाची कटकट नको, आमच्या भारतीय कंपनीकडून रुपयात देतो.' ऐकायला बरं वाटतं. पण मग सेवा घेणारा भारतात, पैसा रुपयात, म्हणजे ही निर्यात राहत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के लावावा लागतो आणि कमिशनवरचा २ टक्के टीडीएस कापला जातो (ऑक्टोबर २०२४ पूर्वी ५ होता). परदेशी कंपनीला बिल, परिवर्तनीय चलनात पैसे आणि आरएफडी-११ या जीएसटी फॉर्ममध्ये दरवर्षी भरलेला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) असेल तर निर्यात शून्य दराने. रुपयातला प्रस्ताव आला तर 'अधिक जीएसटी' हे शब्द लेखी घ्या. ते नसतील तर आलेल्या रकमेतूनच कर भरायचा: ११८ आले की १८ सरकारचे.

कमिशनला 'मध्यस्थ सेवा' ठरवण्याचा वाद जुना आहे. आयजीएसटी कायद्याच्या १३(८)(ब) मुळे मध्यस्थाची सेवा भारतातच झाली असं धरलं जायचं, म्हणजे निर्यातीचा शून्य दर हुकायचा. सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत जीएसटी परिषदेने ते कलम वगळण्याची शिफारस केली. जुन्या वर्षांचे हिशेब त्या वेळच्या कायद्यानेच तपासले जातील, म्हणून करारात आपलं काम जाहिरात सेवा म्हणून लिहिलेलं असेल तर ती प्रत आणि बँकेची एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याची पावती) जपून ठेवा. अमेरिकी स्पॉन्सरकडचा डब्ल्यू-८बेन (आपण अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा फॉर्म) सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेर संपतो. तो संपला की पेमेंट अडतं किंवा कापून येतं, आणि नेमका दर चांगला असतानाच अडकायला होतं.

मांडवी

हेजिंगचं, म्हणजे पुढचा दर आजच बांधून घेण्याचं, काय? एनएसईवर डॉलर फ्यूचरचा १,००० डॉलरचा लॉट असतो ना.

अनिकेत_म

असतो. डॉलर येणार असतील तर फ्यूचर (आज ठरलेल्या दराने पुढच्या तारखेचा सौदा) विकायचा. हातात प्रत्यक्ष येणं असलं पाहिजे. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलंय. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावा लागत नाही, पण येणं खरं असावंच लागतं.

लहान अफिलिएटचं इथे दोन ठिकाणी बिनसतं. विकल्यानंतर रुपया आणखी पडला तर तोटा रोजच्या रोज रोख भरावा लागतो, आणि त्याची भरपाई करणारं कमिशन साठ दिवसांनी येतं. ३ लॉट विकले आणि डॉलर दोन रुपये चढला की ६,००० रुपये आत्ता द्यायचे. दुसरं म्हणजे रिव्हर्सल. ५,००० डॉलर येतील म्हणून ५ लॉट विकले आणि १,५०० डॉलरची विक्री रद्द झाली, तर दीड लॉट आता निव्वळ सट्टा आहे. म्हणून फक्त लॉक झालेल्या रकमेचा, तोही निम्म्यापर्यंत विचार करावा. महिन्याला २,००० डॉलरच्या आत असाल तर हेजिंगच्या भानगडीत न पडता पेमेंट महिन्यातून दोनदा मागून घ्या, दर आपोआप सरासरीवर येतो.

राईनकाठ

बोलणी कशी करायची यावर. अफिलिएट मॅनेजरला 'रुपया पडला, वाढवून द्या' असं लिहू नये. त्याच्या हिशेबात तुमचा रुपया नसतो. त्याच्या चलनात बोला: गेल्या सहा महिन्यांत लॉक झालेल्या विक्री, रिफंडचं प्रमाण, ग्राहकाने भरलेली रक्कम त्याच्या चलनात, आणि प्रतिस्पर्धी कार्यक्रमाचं तुमच्याच पानावरचं ईपीसी. हंगामापूर्वी सहा ते आठ आठवडे लिहा, त्याचं बजेट तेव्हा उघडं असतं.

कलम मागताना नेमकं मागा. ग्राहक वेगळ्या चलनात भरत असेल तर नमुना असा:

'कमिशन ग्राहकाने भरलेल्या करविरहित रकमेच्या अमुक टक्के. रूपांतर विक्रीच्या महिन्यातील शेवटच्या कामकाजाच्या दिवशीच्या युरोपियन सेंट्रल बँकेच्या संदर्भ दराने. परतावा झाल्यास मूळ व्यवहाराचाच दर लागू. दरात बदल करायचा असल्यास ३० दिवस आधी लेखी सूचना. सूचनेपूर्वी नोंदलेल्या विक्रीवर जुना दर.'

शेवटचं वाक्य सर्वांत जास्त कामाचं आहे आणि स्पॉन्सर ते बहुधा मान्य करतात, कारण त्यांना त्यात तातडीचा खर्च नसतो. 'दर ५ टक्क्यांहून जास्त हलला तर पेआउटचा फेरविचार' असं कलम मात्र जपून मागावं. करार ९० ला झाला तर ८५.५० च्या खाली तुम्ही बोलू शकता, पण ९४.५० च्या वर स्पॉन्सरही तेच कलम दाखवून कपात मागेल. डॉलर ट्रॅफिक आणि रुपयात खर्च असलेल्याने ते कलम मागूच नये.

शुभदा_नाशिक

हे उत्तम झालं, वाचनखूण साठवली. शेवटची शंका: पानांऐवजी जाहिराती विकत घेऊन ट्रॅफिक आणणाऱ्यांना रुपया पडल्याचा फायदा किती?

कृष्णाकाठ

जवळपास नाही. अमेरिकी वाचकाच्या क्लिकचा लिलाव जगभरातल्या बोली लावणाऱ्यांमध्ये होतो. खातं रुपयात असलं तरी रुपया पडला की तीच बोली कमी पडते, आणि रुपयाची बोली त्याच प्रमाणात वाढवावी लागते. स्वस्त रुपयाचा फायदा लेखन, व्हिडिओ, भाषांतर, संपादन अशा इथल्या श्रमातून उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिकला मिळतो. नायजेरियाने जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडल्यावर डॉलरमागे ४६०-७० वरून तो काही दिवसांत साडेसातशेच्या आसपास गेला. तिथल्या जाहिरात विकत घेणाऱ्यांची हीच कोंडी झाली असणार: मिळकत डॉलरमध्ये वाढली नाही, खर्चही डॉलरचाच.

खातं उघडतानाच चलन नीट निवडा, कारण गूगल ॲड्समध्ये ते नंतर बदलता येत नाही आणि मेटावर बदललं तर नवं जाहिरात खातं तयार होतं, जुन्याचा इतिहास तिथेच राहतो. भारतीय बिलिंगवर १८ टक्के जीएसटीही लागतो. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक खात्यात पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट हातचं जातं. आणि बोली ठरवताना कमिशनचा दर आजचा धरू नका. पैसे साठ दिवसांनी येणार आहेत, आणि त्यातल्या काही विक्री रद्द होणार आहेत. आजच्या दरातून ३ टक्के आणि गेल्या तीन महिन्यांचं रिव्हर्सलचं प्रमाण वजा करून जो आकडा उरतो, त्याच्या आत प्रति विक्री खर्च बसत असेल तरच मोहीम चालू ठेवा.